परका घास आणि परका हात
(श्रीगोंदा परिसरातील पंगतीचा इतिहास)

एकादशीच्या दिवशी आमच्या श्रीगोंदा तालुक्यात घरोघरी जे ताट वाढले जाते, त्याकडे जरा इतिहासाच्या नजरेने पाहावे. साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचे कूट, बटाट्याच्या फोडी आणि हिरवी मिरची. ज्या टॅपिओकाच्या कंदापासून आज साबुदाणा होतो तो कंद, भुईमूग, बटाटा आणि मिरची या चारही पिकांचे माहेर अमेरिका खंड. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ती एकेक करून आपल्याकडे आली. 'बटाटा' हा शब्दच आपण पोर्तुगिजांकडून घेतला. मिरचीला मात्र घरातल्या मिऱ्याचे नाव देऊन आपलेसे केले. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा यांपैकी एकही जिन्नस प्रवराकाठच्या कोणाच्या ताटात नव्हता. उलट, ज्या ज्वारी-बाजरीवर हा मुलूख पिढ्यान् पिढ्या जगला ती उपासाला चालत नाही. म्हणजे आपले सर्वांत पवित्र ताट सर्वांत परक्या जिनसांचे आहे. ते खाल्ले म्हणून कोणी कोणाला वाळीत टाकल्याचे ऐकिवात नाही.

याच समाजात १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा-बिस्किटे घेतली, तेव्हा प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चहा तेव्हा शहरांत नवा राहिला नव्हता. गुन्हा पदार्थाचा नव्हताच. तो मिशनऱ्यांच्या घरी घेतला, हा होता.

परका घास आपण सहज गिळला. परका हात मात्र शतकानुशतके गिळता आला नाही. असे का झाले आणि त्या हाताची धास्ती कुठे, कशी कमी झाली, याचा शोध मी या लेखात घेतो आहे. केंद्रस्थानी श्रीगोंदा आणि नगर जिल्हा आहे. पुणे-मुंबईकडे गरजेपुरते वळलो आहे.

शिधा, बलुते आणि येसकराची भाकरी

जुन्या गावगाड्यात अन्न कोणाकडून कोणाकडे जाते याचे अलिखित पण पक्के नियम होते. ते समजले की बाकीचे कोडे बरेचसे सुटते.

पहिला नियम कच्च्या आणि शिजलेल्या अन्नाचा. धान्य, डाळ, गूळ, भाजी कोणाकडूनही चाले. शेतात खुरपणारे, कापणी करणारे, खळ्यावर मळणी करणारे हात सगळ्या जातींचे होते. त्यांच्या स्पर्शाने जोंधळा बाटत नसे. पाणी आणि विस्तव लागला की तेच धान्य 'अन्न' होई आणि मग ते कोणाच्या चुलीवर शिजले हा प्रश्न उभा राही. म्हणून तर 'शिधा' ही सोय निघाली. गावात आलेल्या ज्याला घरचे चालत नाही त्याला पीठ, डाळ, मीठ, मिरची, तूप काढून द्यायचे. त्याने ओट्यावर किंवा देवळात आपले आपण शिजवून घ्यायचे. शिध्यात आदर होता आणि अंतरही होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मटणाचे आहे. गावच्या कारू-नारूंत मुलाणी असे. जत्रेचे, नवसाचे बकरे त्याने हलाल केल्यावरच मराठ्यांच्या, धनगरांच्या आणि इतरांच्या घरी शिजे. मुलाण्याच्या हातचे मांस चाले; त्याच मुलाण्याच्या घरी शिजलेला रस्सा चालत नसे. एकाच माणसाचा एकच हात सुरी धरताना शुद्ध आणि पळी धरताना अशुद्ध, असा हा हिशेब होता.

दुसरा नियम दिशेचा. शिजलेले अन्न वरून खाली जाई, खालून वर येत नसे. सुतार, लोहार, न्हावी, परीट यांना खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते मिळे. महार समाजातील येसकर मात्र संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी गोळा करी. ती त्याच्या कामाचा हक्क होती, पण ती ज्या रीतीने वाढली जाई त्यात हक्कापेक्षा उपकाराचा सूर मोठा असे. दया पवार हे आपल्याच जिल्ह्यातील, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांच्या १९७८ साली आलेल्या आत्मकथनाचे नावच 'बलुतं' आहे. मागून आणलेल्या भाकरीवर वाढलेल्या पिढीला त्या भाकरीची चव कशी लागते, हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने सांगितले. ते वाचल्यावर 'गावात सगळे एकमेकांचे खात होते' असे सरसकट म्हणता येत नाही. खात होते हे खरे. पण एकमेकांचे नव्हे.

शेख महंमदांचे गाव

श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. मराठेशाहीत हे शिंद्यांचे गाव म्हणून ओळखले गेले. पण त्याच्याही आधीची त्याची ओळख संत शेख महंमद यांची. जन्माने मुसलमान, गुरुपरंपरेने सूफी आणि भाषेने, भक्तीने मराठी संत असलेल्या या पुरुषाने 'योगसंग्राम' हा ग्रंथ शके १५६७ मध्ये, म्हणजे १६४५ च्या सुमारास पुरा केला. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी त्यांना श्रीगोंद्यात आणून मठासाठी जागा दिली, असे परंपरा सांगते. त्यांचे गुरू चांद बोधले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांनाही चांद बोधल्यांचा अनुग्रह होता, असे ही परंपरा मानते. म्हणजे पैठणचे नाथ आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद एकाच झाडाच्या दोन फांद्या ठरतात.

समाधीपुढे सगळ्या जातिधर्मांचे हात जोडले जात. प्रसादही सगळ्यांना चाले. आमच्या भागातल्या उरुसांतून मलिदा वाटला जातो आणि तो घ्यायला कोणी जात विचारत नाही. देवापुढचा घास ही सवलतीची जागा होती. पंढरपूरचा गोपाळकालाही तसाच. एकमेकांच्या मुखी काला घालताना विटाळ नाही. पण सवलत देवाच्या अंगणापुरती होती, आणि तेही अंगण सगळ्यांना खुले नव्हते. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

प्रसाद आणि जेवण यांतला हा फरक संतचरित्रांनी किती अचूक टिपला आहे, हे पाहायचे तर महिपतींकडे जावे. महिपतीही आपल्याच जिल्ह्यातले, राहुरीजवळच्या ताहराबादचे. त्यांनी 'भक्तलीलामृत' १७७४ मध्ये पुरे केले. त्यात एकनाथांच्या दोन कथा आहेत. एकीत नाथ श्राद्धाचा स्वयंपाक अंत्यजांना जेवू घालतात. दुसरीत राण्या महार आणि त्याची बायको नाथांना आपल्या घरी जेवायला बोलावतात. पहिल्या कथेत नाथ स्वतः वाढतात. दुसऱ्या कथेत मात्र निंदक पाळत ठेवतात, तेव्हा नाथ एकाच वेळी दोन्हीकडे दिसतात, आपल्या घरी आणि राण्याच्या घरी. राण्याच्या पानावर नाथांच्या रूपाने साक्षात देव जेवून गेलेला असतो.

मला या दोन कथांमधला फरक फार मोलाचा वाटतो. अन्न खाली देण्याची गोष्ट सांगायला महिपतींना चमत्काराची गरज पडली नाही. महाराच्या घरचे अन्न ब्राह्मणाने खाल्ल्याची गोष्ट सांगायला मात्र देवाला मध्ये घ्यावे लागले. कथाकाराचे मन नाथांच्या बाजूचे आहे यात शंका नाही. पण अठराव्या शतकातल्या श्रोत्याला काय पचेल, याचीही त्याला पुरती जाण आहे.

नगरची चूल: लक्ष्मीबाई टिळक

एकोणिसाव्या शतकात परक्या हाताचा प्रश्न उघड्यावर आला. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनने नगरला बस्तान बसवले. ख्रिस्ती झालेल्यांना प्रभुभोजनात एका पंगतीला बसावे लागे. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. हेच दादोबा पुढे नगरला डेप्युटी कलेक्टर होते. या सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खाऊन दाखवावा लागे. धर्मातले बंड पावाच्या तुकड्याने मोजले जात होते. बंड मात्र गुप्त होते. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे फुटण्याच्या भीतीने सभा मोडली.

पुण्याचे चहा प्रकरण तीस वर्षांनंतरचे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये जमलेल्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे छापवली आणि वादळ उठले. चौकशी बसली. शेवटी टिळकांनी आणि रानड्यांनी, दोघांनीही आपापल्या परीने प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करला. सुधारकांच्या आणि सनातन्यांच्या भांडणाचा दाखला म्हणून हे प्रकरण नेहमी सांगितले जाते. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. यात स्वयंपाकघर कुठेच नाही. चहा पिणारे पुरुष, तक्रार करणारे पुरुष, चौकशी करणारे पुरुष. घरात रोज चूल कोण सांभाळते, शिवाशीव पाळण्याचे कष्ट कोणाच्या माथी येतात, याची त्या कागदांत नोंद नाही.

ती नोंद नगर जिल्ह्यात सापडते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला ख्रिस्ती झाले. ताटातुटीची काही वर्षे काढून लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ नगरला आल्या, त्या हिंदू म्हणूनच. नवरा एका धर्माचा, बायको दुसऱ्या. आणि मधली भिंत म्हणजे स्वयंपाक आणि पाणी. लक्ष्मीबाईंनी आपली चूल वेगळी ठेवली, पाणी वेगळे ठेवले. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हे सारे स्वतःवर हसत हसत सांगितले आहे. पण ती ओढाताण जीवघेणी होती. पुढे विचार करता करता त्यांच्या मनातली जातिभेदाची गाठ सुटली आणि कोणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. धर्म बदलला म्हणून शिवाशीव सुटली असे झाले नाही. आधी शिवाशीव सुटली, मग धर्म बदलला.

सभा, ठराव आणि वर्तमानपत्रे यांनी जे होत नव्हते ते एका बाईने आपल्या चुलीपाशी एकटीने केले. सहभोजनाच्या इतिहासात पंचहौदाला एक प्रकरण देतात; माझ्या मते लक्ष्मीबाईंच्या पाण्याच्या घागरीला त्याहून मोठे द्यायला हवे.

विसापूरचा तुरुंग आणि साताऱ्याचे बोर्डिंग

विसाव्या शतकात सहभोजन ही चळवळ झाली. कोल्हापूरला शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढून दिले, तिथे स्वतः थांबून चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने समाज समता संघ निघाला आणि त्याने सहभोजने घडवली. १९२८ च्या एप्रिलमध्ये लोकमान्यांचे चिरंजीव श्रीधरपंत यांनी पुण्याच्या गायकवाडवाड्यात समता संघाचे सहभोजन घेतले.

या सगळ्यांचे मोल मोठे आहे. पण सहभोजन हा एक दिवसाचा प्रसंग असतो. पाने उचलली की माणसे आपापल्या चुलीकडे परततात. स्वतः सहभोजनांना बळ देणाऱ्या बाबासाहेबांनीच १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'वरील भाषणात हे स्पष्ट मांडले. पुष्कळ जाती एकमेकांकडे जेवतात, तरी त्याने जातीची भावना मेलेली नाही. खरा उपाय बेटीव्यवहारात आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

एक दिवसाच्या पंगतीपेक्षा जास्त काम, मला वाटते, अशा जागांनी केले जिथे रोज जेवावे लागते आणि आचारी निवडायची सोय नसते. तुरुंग ही त्यांतली एक. १८४० च्या दशकात बिहारमधल्या तुरुंगांत कैद्यांसाठी सामाईक स्वयंपाक सुरू केला, तेव्हा जात जाईल या भीतीने दंगे झाले होते. नव्वद वर्षांनी, १९३० नंतरच्या कायदेभंगात, आमच्या श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या तुरुंगात मुंबई इलाख्याच्या निरनिराळ्या भागांतले सत्याग्रही आणून ठेवले होते. त्यांत गुजराती होते, कानडी होते, मराठी होते. गव्हाच्या पोळीची सवय असलेला आणि भाताशिवाय न जेवणारा, दोघांच्या पुढे तुरुंगाची तीच जाड भाकरी आणि पातळ डाळ. ती कोणी थापली, हे विचारून उपयोग नव्हता. विसापूरच्या माळावर बाजरी-ज्वारीची पहिली ओळख झालेले कितीतरी देशभक्त पुढे आपापल्या गावी परतले.

दुसरी जागा बोर्डिंगची. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. तिथे मुले एकत्र राहत, एकत्र कष्ट करत आणि एकाच चुलीवरचे जेवत. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढे रयत शिक्षण संस्थेच्या शाखा नगर जिल्ह्यातही पसरल्या. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या, बोर्डिंगात शिकलेल्या माणसांशी बोलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली. त्यांना समतेवरची व्याख्याने आठवत नाहीत. आमटी आठवते, ती पातळ असायची हे आठवते, आणि ती वाढायची पाळी कोणाची होती हे आठवते. पाळी सगळ्यांवर येत असे. शिकवण त्या पाळीत होती.

मिलोची भाकरी

आमचा तालुका अवर्षणाचा. दौंड-मनमाड लोहमार्ग श्रीगोंदा तालुक्यातून जातो. तो १८७६-७८ च्या दुष्काळात, दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या हातांनी उभा राहिला. जुन्या माणसांच्या आठवणीतला दुष्काळ मात्र बहात्तरचा.

सलग दोन-तीन वर्षे पाऊस रुसला आणि १९७२ मध्ये पुरता गेला. नगर हा सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. राज्यभर दुष्काळी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवरच्या मजुरांचा आकडा पन्नास लाखांच्या जवळ गेला. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला.

त्या वर्षी रेशनवर मिलो आली. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी ती. पण शाळूच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेल्या बाईला ती ज्वारी वाटेना. पिठाला चिकटपणा नाही, थापताना भाकरी तुटे, म्हणून उकळत्या पाण्यात उकड काढून थापावी लागे. तव्यावरून उतरली की थोड्या वेळात वातड होई. 'तिकडे हे जनावरांना घालतात' असे सर्रास बोलले जाई आणि बोलता बोलता तीच भाकरी मोडली जाई. कामावर मुलाबाळांना सुकडी वाटत. सुकडी म्हणजे तयार पौष्टिक पीठ. ती कोणी कोरडीच फाके, कोणी पाण्यात कालवून खाई. आमच्या घरी मोठ्या बायका नंतर कितीतरी वर्षे, पोराने ताटात भाकरी टाकली की 'मिलो खाल्ली असतीस म्हणजे कळलं असतं' असे म्हणत.

लेखाच्या सुरुवातीचा नियम इथेही दिसतो. बटाटा-मिरचीसारखीच मिलो अमेरिकेची. नाके मुरडत का होईना, ती घरात शिरली. परक्या हाताचे काय झाले? खडीच्या ढिगाऱ्यापाशी सगळ्या जातींची माणसे एका मुकादमाच्या हाताखाली बसली. ज्यांच्या घरच्या बायका कधी उंबऱ्याबाहेर मजुरीला गेल्या नव्हत्या त्याही पाटी उचलू लागल्या. दुपारी फडकी सुटत आणि सगळ्यांच्या फडक्यांत तीच तांबडी भाकरी निघे. त्या काळच्या बायका सांगतात की चटणी, कांदा, एखादे लोणच्याचे फोड इकडून तिकडे जाऊ लागले. पाण्याच्या घागरी मात्र पुष्कळ ठिकाणी वेगळ्याच राहिल्या. बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ याच दशकात उभारावी लागली, हे विसरून चालणार नाही. दुष्काळाने ताट सारखे केले. घागर सारखी केली नाही.

हॉटेलातली कपबशी

परका हात सर्वांत शांतपणे कोणी रुळवला असेल तर तो हॉटेलाने. सुरुवातीला हॉटेलेही जातीच्या पाट्या लावून आली. कुठे 'ब्राह्मणाची खानावळ', कुठे 'मराठा खानावळ', कुठे 'हिंदू हॉटेल'. आत कोणाचा हात आहे याची ती हमी होती. खेड्यातल्या चहाच्या टपरीवर दलितांसाठी फुटक्या कानाची कपबशी वेगळी, बाहेर वळचणीला ठेवलेली असे. पिणाऱ्याने ती आपली आपण धुवून ठेवायची. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, पंधराव्याने उपाहारगृहे सर्वांना खुली केली. तरी १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात हॉटेलातली भांडी वापरू न देणे हा गुन्हा म्हणून वेगळा लिहावा लागला. कायदा करणाऱ्यांना त्या कपबशीची चांगलीच माहिती होती.

पुढे ऊस आला, साखर कारखाना आला, कुकडीचे पाणी आले. श्रीगोंद्याचे लिंबू दूरच्या बाजारांत जाऊ लागले. गळिताच्या हंगामात बीडकडची ऊसतोड कुटुंबे येतात. ट्रक ड्रायव्हर, फिटर, व्यापारी येतात. बाजारपेठेत मिसळ, भेळ, डोसा, पावभाजी, नंतर चायनीजच्या गाड्या. आज भट्टीपाशी उभा असलेला पोरगा कोणत्या राज्यातला, कोणत्या धर्माचा, हे खाणारा विचारत नाही. त्याच्या आजोबाला हे अशक्य वाटले असते.

पण यातही एक मेख आहे. हॉटेलातला हात परका असतो, तसाच तो अनोळखीही असतो. नाव माहीत नाही म्हणून जात माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून चालते. लग्नातल्या बुफेचेही तेच. पूर्वी चूलबंद आवतण असले तरी कोणाची पंगत आधी, कोणाची शेवटी, कोण मांडवात, कोण मांडवाबाहेर, हे ठरलेले असे. बुफेने ती मांडणी पुसली आणि वादही मिटला; पण शेजारी बसून जेवणेच संपले. पंगतीतला भेद आपण पंगत मोडून सोडवला.

ओळखीच्या माणसाच्या बाबतीत अजूनही पाय अडतो. नावाजलेल्या मराठी पाकपुस्तकांकडे पाहिले तरी हे कळते. १८७५ च्या 'सूपशास्त्रा'पासून १९७० च्या 'रुचिरा'पर्यंत त्यांनी मराठी चव घडवली. पण गावकुसाबाहेरच्या चुलीवर काय शिजते, ते आपल्या पुस्तकात आणायला २०१५ साल उजाडले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' त्या वर्षी आले. पुस्तकाचे नावच सांगते की आपण ज्याला पूर्ण म्हणत होतो त्यात काहीतरी वगळले होते.

आशेची जागा मला शाळेच्या व्हरांड्यात दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळांतून धान्याऐवजी शिजवलेले जेवण देणे बंधनकारक झाले. शिधा जाऊन पंगत आली, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. गावातलीच बाई खिचडी शिजवते. मुलांना ती कोण हे माहीत असते, तिचे घर कुठे हेही माहीत असते, आणि तरी सगळी एका ओळीत बसून खातात. अनोळखीपणाचा आडोसा इथे नाही. देशात काही ठिकाणी आचारी बाईच्या जातीवरून पालकांनी मुलांना जेवू दिले नाही, अशा बातम्या अधूनमधून येतात. त्या बातम्या येतात याचाच अर्थ ही पंगत खऱ्या जागी घाव घालते आहे.

चारशे वर्षांच्या या धावत्या आढाव्यातून मला एवढे म्हणायचे आहे. नवा पदार्थ खाल्ल्याने समाज मोठ्या मनाचा होतो, असा पुरावा आपल्या इतिहासात नाही. आपण मिरची, बटाटा, चहा, पाव, मिलो आणि मंचुरियन सगळे पचवले आणि विटाळ तसाच ठेवला. अन्न देण्यानेही तो हलला नाही. देणारा वर आणि घेणारा खाली, ही जुनीच रीत होती. विटाळ हलला तो दिशा उलटली तेव्हा. लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याच्या हातचे खायचे ठरवले, शाहू महाराजांनी गंगाराम कांबळ्यांच्या दुकानी कप तोंडाला लावला, बोर्डिंगातल्या मुलाने सोबत्याच्या पाळीची आमटी ओरपली, तेव्हा.

या दिवाळीतही गावोगाव फराळाची ताटे फिरतील. 'आम्ही सगळ्यांच्या घरी फराळ पाठवतो' असे अभिमानाने सांगणारे मला श्रीगोंद्यात पुष्कळ भेटतात आणि ते खरेच पाठवतात. पाठवलेले ताट परत येताना रिकामे येते, की त्या घरची करंजी घेऊन येते, आणि ती करंजी आपल्या घरात कोण कोण खाते, एवढे ज्याने त्याने पाहावे. महिपतींना राण्याच्या घरी नाथांऐवजी देव बसवावा लागला होता. आपल्याला तेवढी सबब उरलेली नाही.